पोलीस भरती: फॉर्म भरण्याआधी आपण पात्र आहोत का, हे टप्प्याटप्प्याने कसं तपासायचं

सोळाशे मीटर सव्वापाच मिनिटांत मारणारा पोरगा ग्राउंडवर एक पाऊलही न पळता घरी येतो. उंचीच्या पट्टीखाली १६४.५ भरली, म्हणून. दुसरा मेरिटमध्ये येतो आणि कागदपत्रांच्या टेबलावर अडकतो, कारण नॉन क्रिमीलेअरवरची, म्हणजे कुटुंब उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याच्या दाखल्यावरची, तारीख फॉर्मच्या शेवटच्या तारखेनंतरची. मी तालुक्याच्या गावी मुलामुलींचे फॉर्म भरून देतो आणि सकाळी मैदानावर घड्याळ धरून उभा राहतो. दर भरतीत हेच बघतो. तयारी कमी पडून जितके जातात, तितकेच क्रम चुकल्यामुळे जातात.

बहुतेकांचा क्रम असा: आधी अकॅडमी, मग पळणं, जाहिरात आली की रात्रीत फॉर्म, आणि दाखल्यांचं "नंतर बघू". खाली दिलाय तो याच्या बरोबर उलटा आहे. पहिले सहा टप्पे जाहिरात यायच्या आधीच उरकायचे.

इथलं सगळं महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीबद्दल आहे. "पोलीस अधिकारी व्हायचंय" म्हणून येणाऱ्यांपैकी काहींच्या डोक्यात पीएसआय, म्हणजे पोलीस उपनिरीक्षक, असतो. तो रस्ता एमपीएससीचा. त्याला पदवी लागते, वय १९ ते ३१ (मागासवर्गीयांना ३४), उंची पुरुषांना १६५ आणि महिलांना १५७ सेंटिमीटर. शिपाई म्हणून लागल्यावर खात्यांतर्गत परीक्षा देऊनही पीएसआय होता येतं. दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका. निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

टप्पा १: आधी पद ठरवा

"पोलीस भरती" हे एक पद नाही. एकाच जाहिरातीच्या हंगामात पाच वेगवेगळी पदं निघतात आणि प्रत्येकाची पात्रता थोडी थोडी वेगळी असते.

- पोलीस शिपाई (जिल्हा किंवा आयुक्तालय): बारावी पास, वय १८ ते २८.
- चालक पोलीस शिपाई: बारावी पास, वय १९ ते २८, शिवाय हलक्या वाहनाचा परवाना.
- सशस्त्र पोलीस शिपाई, म्हणजे एसआरपीएफ (राज्य राखीव पोलीस बल): फक्त पुरुष, बारावी पास, वय १८ ते २५.
- कारागृह शिपाई: बारावी पास.
- बॅण्डस्मन: दहावी पास, पण वाद्य वाजवता आलं पाहिजे.

एसआरपीएफचं वय २५ ला थांबतं, हे निम्म्या मुलांना माहीत नसतं. २६ वर्षांचा खुल्या प्रवर्गातला मुलगा जिल्ह्याचा आणि एसआरपीएफचा असे दोन्ही फॉर्म भरतो, दोन्हींची फी जाते आणि एक अर्ज पहिल्याच छाननीत पडतो.

टप्पा २: पट्टी आणि टेप, घरीच

मुलगा असो वा मुलगी, पहिलं काम हेच. पळायला सुरुवात करायच्याही आधी.

उंची: पोलीस शिपाई पदासाठी पुरुष १६५ सेंटिमीटर, महिला १५५. चालक पदासाठी पुरुष १६५, महिला १५८. एसआरपीएफसाठी १६८. तृतीयपंथी उमेदवारांचा प्रश्न डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि त्यानंतर फॉर्ममध्ये त्यांच्यासाठी स्वतंत्र पर्याय आला. त्यांच्या मोजमापाचे निकष जाहिरातीत वेगळे दिलेले असतात.

मोजायचं कसं? अनवाणी. भिंतीला टाचा, ढुंगण आणि खांदे टेकवून. नजर समोर, हनुवटी वर करायची नाही. वर केली की उंची कमीच भरते. डोक्यावर जाड पुस्तक सपाट धरा, भिंतीवर पेन्सिलने खूण करा आणि लोखंडी टेपने मोजा. शिंप्याचा कापडी टेप ताणला जातो, तो नको. मुलींनी अंबाडा सोडून मोजायचं. माणूस सकाळी उठल्या उठल्या थोडा उंच असतो आणि दिवसभर उभं राहून, फिरून जवळपास एक सेंटिमीटरपर्यंत कमी भरतो. म्हणून संध्याकाळी मोजलेली उंची खरी धरा. संध्याकाळी १६५ भरत असेल तर निर्धास्त राहा. सकाळी १६५ आणि संध्याकाळी १६४.३ असेल, तर तुम्ही काठावर आहात, हे आजच कळलेलं बरं.

छाती: फक्त पुरुषांची मोजतात. न फुगवता किमान ७९ सेंटिमीटर आणि फुगवून ५ सेंटिमीटरचा फरक. इथे एक चूक इतकी सर्रास होते की अकॅडमीतली पोरंसुद्धा ती करतात. "७९ आणि ८४" एवढं पाठ असतं. पण ८४ हा आकडा ज्याची छाती बरोबर ७९ आहे त्याच्यापुरताच. तुमची साधी छाती ८२ असेल तर फुगवून ८७ लागते. धट्टीकट्टी पोरं, ज्यांना वाटतं छातीचा प्रश्नच नाही, तीच फुगवण्यात पडतात. दीर्घ श्वासाचा सराव दोन महिने आधी धरा. ग्राउंडच्या आदल्या रात्री काही होत नसतं.

नक्षलग्रस्त भागातल्या उमेदवारांना, आणि नक्षल हल्ल्यात मृत किंवा जखमी झालेल्या पोलिसांच्या मुलांना, काही अटींत सूट असते. ती त्या त्या जिल्ह्याच्या जाहिरातीत शब्दशः वाचा. "गडचिरोलीत चालतं म्हणे" यावर विसंबून फॉर्म भरू नका.

सावध: केसांत काहीतरी लपवून उंची वाढवण्याचे प्रयोग दर भरतीत पकडले जातात. नुसतं बाद होऊन भागत नाही, गुन्हा दाखल होतो. आणि एकदा गुन्हा लागला की टप्पा १० वाचायची वेळ येते.

तपासा: आज घरी मोजलेले आकडे वहीत तारखेसह लिहा. उंची अर्ध्या सेंटिमीटरने जरी कमी असेल, तर पुढचे टप्पे वाचण्याआधी पद बदला. महिला १५५ ते १५८ च्या मध्ये असतील तर चालक पद सोडून शिपाई पद धरा. मुलगे १६५ ते १६८ च्या मध्ये असतील तर एसआरपीएफ सोडा.

टप्पा ३: वय नेमक्या तारखेवर मोजा

वरची मर्यादा खुल्या प्रवर्गाला २८, मागासवर्गीयांना ३३. एसआरपीएफला २५ आणि ३०. प्रकल्पग्रस्त आणि भूकंपग्रस्तांना ४५ पर्यंत. माजी सैनिकांना लष्करी सेवेचा काळ अधिक ३ वर्षं एवढी सूट.

आकडे सगळ्यांना पाठ असतात. चुकते ती तारीख. वय "या वर्षी" मोजत नाहीत, परीक्षेच्या दिवशी मोजत नाहीत. जाहिरातीत एक नेमकी तारीख दिलेली असते, त्या दिवशी मोजतात. २८ पूर्ण होऊन एक दिवस वर गेला तरी बाद. खालची मर्यादाही तशीच: त्या तारखेला १८ पूर्ण झालेले हवेत, पुढच्या आठवड्यात होणार हे चालत नाही.

जन्मतारीख धरतात ती दहावीच्या प्रमाणपत्रावरची. आधारवरची नव्हे. बऱ्याच घरांत शाळेत घालताना १ जून लावून दिलेला असतो आणि आधारवर खरी तारीख आलेली असते. अशांनी आधार दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे दुरुस्त करून घ्यायचं. उलटं करायला जाल तर वर्ष निघून जाईल.

२०२५ च्या भरतीत वय उलटलेल्या उमेदवारांना एकवेळची सवलत मिळाली होती. "एकवेळची" हा शब्द नीट ऐका. पुढच्याही वेळी मिळेल असं गृहीत धरून दोन वर्षं तयारीत घालवणं मला पटत नाही. जाहिरातीत लिहून आलं तर घ्या, नाही आलं तर नाही.

टप्पा ४: शिक्षण आणि परवाना

बारावी पास म्हणजे निकाल लागलेला, गुणपत्रिका हातात असलेली. परीक्षा दिलीय, निकाल यायचाय: चालत नाही. शाखा कुठलीही असो, टक्केवारीची अट नाही. मुक्त विद्यालयातून किंवा दुसऱ्या बोर्डातून शिकला असाल, किंवा दहावीनंतर डिप्लोमा केला असेल, तर तो बारावीशी समकक्ष धरतात का, हे सांगणारा शासन निर्णय शोधून त्याची प्रत फाइलला लावा. टेबलावरच्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा कागद पुढे केलेला बरा.

एमएस-सीआयटी झालेलं नसेल तर करून टाका. त्यावाचून फॉर्म अडत नाही, पण नोकरीत पुढे लागतंच.

चालक पदाच्या उमेदवारांनी परवान्यावरची अक्षरं वाचा. जाहिरातीत एलएमव्ही-टीआर, म्हणजे हलक्या व्यावसायिक वाहनाचा परवाना मागतात. घरची कार चालवायचा साधा परवाना असलेली मुलं इथे फसतात. शिकाऊ परवाना तर मोजतच नाहीत. परवाना फॉर्म भरतानाच हातात हवा, नूतनीकरण बाकी नको.

टप्पा ५: प्रवर्ग आणि दाखले

इथे घाई करू नका. ग्राउंडवर पडलेला पुढच्या वेळी परत येतो. इथे पडलेला महिनाभर झोपत नाही.

नियम एकच लक्षात ठेवा: फॉर्मच्या शेवटच्या तारखेला दाखला तुमच्या हातात असला पाहिजे. तुम्ही त्या जातीचे आहात की नाही, हा प्रश्न नसतो. त्या तारखेला ते सिद्ध करणारा कागद होता की नाही, हा असतो. आमच्याकडच्या एका मुलाचा नॉन क्रिमीलेअर शेवटच्या तारखेनंतर दोन दिवसांनी निघाला. कचेरीत अर्ज वेळेत दिल्याची पावती होती त्याच्याकडे. पावतीचा उपयोग झाला नाही. तो खुल्या प्रवर्गात गेला, आणि वय ३० असल्यामुळे खुल्यातूनही बाद झाला.

कोणाला काय लागतं, ते असं:

एससी, एसटी: जातीचा दाखला आणि जात वैधता (जात पडताळणी समितीचं प्रमाणपत्र). नॉन क्रिमीलेअर लागत नाही.

विजा-अ (विमुक्त जाती), भज-ब, भज-क, भज-ड (भटक्या जमाती), विमाप्र (विशेष मागास प्रवर्ग), इमाव (इतर मागास वर्ग), एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग): जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन क्रिमीलेअर.

ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक): तहसीलदारांचं पात्रता प्रमाणपत्र. जाहिरातीत ज्या आर्थिक वर्षाचं मागितलंय, त्याच वर्षाचं. मागच्या भरतीसाठी काढलेलं परत वापरता येत नाही.

सगळ्यांना: वय, राष्ट्रीयत्व आणि अधिवासाचा दाखला. महाराष्ट्र–कर्नाटक सीमाभागातल्या ८६५ गावांतल्या मराठी भाषिक उमेदवारांनाही अर्ज करता येतो. त्यांनी त्या गावचे रहिवासी असल्याचा दाखला जोडायचा.

जातीचा दाखला आणि नॉन क्रिमीलेअर प्रांत कचेरीतून निघतात, उत्पन्न आणि अधिवास तहसीलमधून. सगळ्यांचा अर्ज आपले सरकार पोर्टलवर किंवा सेतूत होतो. क्रम असा ठेवा: तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, त्यावरून तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, त्यावरून नॉन क्रिमीलेअर. मधली एक पायरी अडली की पुढचं सगळं अडतं. जाहिरात आली की कचेरीत एकाच वेळी शेकडो अर्ज पडतात, सर्व्हर बसतो, आणि तलाठी नेमके पंचनाम्याला गेलेले असतात. म्हणून हे काम एप्रिल-मेमध्ये उरका.

का एप्रिल? नॉन क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते. काही दाखले एका वर्षाचे असतात, काही तीन वर्षांचे. दाखल्याच्या तळाशी एका ओळीत ती तारीख असते आणि ती ओळ कोणी वाचत नाही. आता उठा, दाखला काढा, वाचा.

जात वैधतेबद्दल एक सूचना. बारावी सायन्सला असताना कॉलेजने अनेकांचे प्रस्ताव समितीकडे पाठवलेले असतात, प्रमाणपत्र आलेलंही असतं आणि घरात कुठल्या तरी पत्र्याच्या पेटीत पडलेलं असतं. आईला विचारा. मोठ्या भावाचं, चुलत्याचं किंवा वडिलांचं वैधता प्रमाणपत्र असेल तर तुमचा प्रस्ताव सोपा जातो, तेही शोधून ठेवा. वैधता नसेल तर ती केव्हापर्यंत सादर करायची, हे जाहिरातीत दिलेलं असतं. तो परिच्छेद अधोरेखित करा.

मराठा उमेदवारांचा गोंधळ गेल्या दोन-तीन वर्षांत सर्वांत जास्त. फेब्रुवारी २०२४ च्या कायद्याने एसईबीसीला १० टक्के आरक्षण आलं. कुणबी नोंद सापडून कुणबी दाखला निघाला असेल तर फॉर्म इतर मागास वर्गात भरायचा. कुणबी नोंद नाही आणि एसईबीसी दाखला काढलाय, तर एसईबीसीत. दोन्ही दाखले हातात असतील तर एकच निवडायचा, आणि निवडाल त्याचं नॉन क्रिमीलेअर त्याच प्रवर्गाच्या नावाने असलं पाहिजे. कुणबी दाखला आणि एसईबीसीचं नॉन क्रिमीलेअर अशी जोडी घेऊन आलेली मुलं मी पाहिली आहेत.

लग्न झालेल्या मुलींसाठी: जातीचा दाखला माहेरच्या नावाचाच चालतो, सासरच्या जातीवर नवा निघत नाही. फॉर्म दहावीच्या प्रमाणपत्रावरच्या नावाने भरा आणि विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्राची प्रत सोबत ठेवा. आणखी एक. ३० टक्के महिला आरक्षणात खुल्या जागांसाठी नॉन क्रिमीलेअरची अट मे २०२३ पासून गेली. पण इमाव किंवा नॉन क्रिमीलेअर लागणाऱ्या दुसऱ्या प्रवर्गातल्या महिला जागेवर दावा सांगत असाल तर ती अजून आहे. "महिलांना लागत नाही" एवढंच ऐकून अर्धवट माहितीवर राहू नका.

सावध: प्रवर्गाचा दाखला वेळेत मिळेल याची खात्री नसेल आणि तुम्ही वयाने व उंचीने खुल्यात बसत असाल, तर खुल्यातूनच फॉर्म भरा. शंभर रुपये फी जास्त जाते, पण अर्ज जिवंत राहतो.

टप्पा ६: समांतर आरक्षण असेल तर

समांतर आरक्षण म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या जागांतच काही गटांसाठी राखलेल्या जागा: खेळाडू ५ टक्के, होमगार्ड ५, माजी सैनिक १५, याशिवाय प्रकल्पग्रस्त, भूकंपग्रस्त, पोलीस पाल्य, अनाथ. यातलं काही लागू होत असेल तर कटऑफमध्ये मोठा फरक पडतो. पण या खान्यावर टिक करायच्या आधी कागद बघा.

खेळाडूंना नुसतं प्रमाणपत्र पुरत नाही. ते क्रीडा विभागाच्या विभागीय उपसंचालकांकडून पडताळून घ्यावं लागतं, तेही फॉर्मच्या शेवटच्या तारखेच्या आत. तालुका पातळीवर कबड्डी खेळलेल्या पोरांना वाटतं आपण खेळाडू आहोत. मैदानावर नक्कीच आहात. आरक्षणात कुठल्या पातळीची स्पर्धा मोजतात, ते शासन निर्णयात बघा.

होमगार्डना तीन वर्षं, म्हणजे १०९५ दिवसांची सेवा लागते. नोंदणी तीन वर्षांपूर्वीची आहे, हे पुरेसं धरू नका. जिल्हा समादेशकांकडून सेवेचं प्रमाणपत्र घ्या आणि त्यावर दिवसांचा आकडा आहे ना, ते बघूनच टिक करा.

टप्पा ७: जिल्हा निवडणं

एका पदासाठी एकाच घटकात अर्ज. घटक म्हणजे एक जिल्हा, एक आयुक्तालय किंवा एसआरपीएफचा एक गट. शिपाई पदासाठी एक, चालक पदासाठी एक, एसआरपीएफसाठी एक असे वेगवेगळ्या पदांचे अर्ज चालतात. पण शिपाई पदासाठी पुण्यात एक आणि साताऱ्यात एक, हे चालत नाही. वेगळा ईमेल आणि वेगळा मोबाइल वापरून दोन फॉर्म भरणारे आधारवरून, फोटोवरून सापडतात आणि दोन्ही अर्ज जातात. "सगळेच भरतात" असं सांगणाऱ्याला विचारा, त्याची निवड कुठे झाली.

जिल्हा निवडताना एकूण जागा बघू नका. तुमच्या प्रवर्गाच्या, आणि त्यातही तुमच्या समांतर आरक्षणाच्या रकान्यातल्या जागा बघा. एखाद्या जिल्ह्यात २०० जागा असतात आणि तुमच्या रकान्यात शून्य. मग मागच्या भरतीची तिथली निवड यादी काढून तुमच्या रकान्याचा शेवटचा गुण लिहा. असे चार-पाच घटक वहीत मांडा आणि मग ठरवा. घराजवळ म्हणून आपलाच जिल्हा धरणाऱ्यांपैकी बरेच जण दोन गुणांनी राहतात. पोलिसाची नोकरी लागल्यावर घराजवळ राहण्याची हौस तशीही फार टिकत नाही.

टप्पा ८: फॉर्म

आता कुठे फॉर्म. फी खुल्या प्रवर्गाला ४५०, मागास प्रवर्गाला ३५० रुपये अशी मागच्या भरत्यांत होती.

फॉर्म स्वतः भरा, किंवा केंद्रावर भरत असाल तर स्क्रीनसमोर बसून राहा. नाव दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे, अक्षरन् अक्षर. मोबाइल नंबर स्वतःचा. केंद्रवाल्याचा दिला तर हॉलतिकिटाचा मेसेज त्याला जातो. तुमच्या नावाने ईमेल नसेल तर आधी काढा, आणि पासवर्ड वहीत लिहा.

हे रकाने दोनदा वाचा: प्रवर्ग, समांतर आरक्षण, नॉन क्रिमीलेअर आहे की नाही आणि त्याचा क्रमांक व तारीख, जन्मतारीख, पद, घटक. एकदा फी भरून अर्ज अंतिम झाला की प्रवर्ग बदलून मिळत नाही. फोटो ताजा, साध्या पार्श्वभूमीवरचा. त्या फोटोच्या पाच-सहा प्रती काढून ठेवा, ग्राउंडला तोच लागतो.

तपासा: फी भरल्यानंतर अर्जाची प्रिंट निघते का? "पेमेंट झालंय पण प्रिंट नाही" म्हणजे अर्ज झालेला नाही. शेवटच्या दोन दिवसांत साइट हमखास अडकते. शेवटच्या तारखेच्या आठ दिवस आधी हे संपवा.

टप्पा ९: ग्राउंड आणि लेखी, पात्रतेच्या नजरेने

सरावाचं वेळापत्रक हा वेगळा विषय. इथे फक्त गाळणी कुठे लागते ते.

शिपाई पदाचं ग्राउंड ५० गुणांचं. मुलांना १६०० मीटर २० गुण, १०० मीटर १५, गोळाफेक १५. मुलींना १६०० च्या जागी ८०० मीटर, बाकी तेच. पूर्ण गुणांसाठी मुलांना १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत, १०० मीटर ११.५० सेकंदांत आणि ७.२६० किलोचा गोळा ८.५० मीटर. मुलींना ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदांत, १०० मीटर १४ सेकंदांत, ४ किलोचा गोळा ६ मीटर. म्हणजे चारशेच्या ट्रॅकवर मुलाची एक फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांत आणि मुलीची पंच्याऐंशी सेकंदांत बसली पाहिजे. गावातलं मैदान चारशेचं आहे का, हे टेप लावून बघा. साडेतीनशेच्या मैदानावर चार फेऱ्या मारून "पाच मिनिटांत मारतो" म्हणणारे खऱ्या ग्राउंडवर चौथ्या फेरीत मोडतात.

चालक पदाला धावणं ३० आणि गोळा २०, शिवाय गाडी चालवण्याची चाचणी. एसआरपीएफला ग्राउंड १०० गुणांचं: ५ किलोमीटर ५०, शंभर मीटर २५, गोळा २५.

ग्राउंडला किमान ५० टक्के, म्हणजे शिपाई पदाला २५ गुण लागतात. पण २५ मिळाले म्हणजे लेखीला बसता येईलच असं नाही. तुमच्या रकान्यातल्या एका जागेमागे दहा जण, एवढेच लेखीला बोलावतात. त्यामुळे हजारो पोरं ग्राउंड "पास" होऊन लेखीला नसतात. लेखी १०० गुणांची, ९० मिनिटांत: अंकगणित, बुद्धिमत्ता, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. तिथे ४० टक्क्यांच्या खाली गेला की बाद. चालकांना मोटार वाहन आणि वाहतुकीच्या नियमांचेही प्रश्न येतात.

दोन पदांची ग्राउंड एकाच दिवशी आली तर घाबरू नका. २०२४ मध्ये अशा उमेदवारांना दुसरी तारीख देण्याच्या सूचना होत्या. पण ती आपोआप मिळत नाही. दोन्ही हॉलतिकिटं घेऊन घटकाला वेळेत अर्ज द्यायचा. त्याच वर्षी मैदानी चाचण्या जूनमध्ये सुरू झाल्या आणि पावसाने ठिकठिकाणी तारखा पुढे गेल्या, तेव्हा निघण्याआधी संकेतस्थळ बघत चला.

सावध: "एक इंजेक्शन घे, पाय हलके होतात" असं सांगणारे ग्राउंडबाहेर भेटतात. उत्तेजक सापडलं की भरती गेली, आणि भर उन्हात त्यावर पळणाऱ्याचा जीव जाऊ शकतो.

उंची किंवा छाती चुकीची मोजली असं वाटलं तर मैदान सोडू नका. तिथेच हजर असलेल्या अधिकाऱ्याकडे फेरमोजणीची मागणी करा. घरी येऊन केलेल्या तक्रारीला काही अर्थ राहत नाही.

टप्पा १०: निवड यादीनंतर

यादीत नाव आलं, पेढे वाटले. थांबा. वैद्यकीय तपासणी आणि चारित्र्य पडताळणी बाकी आहे.

डोळे, रंगांधळेपणा, सपाट पाय, गुडघे एकमेकांना लागणं हे वैद्यकीयमध्ये बघतात. रंगांधळेपणा हा अनेकांना तिथे पहिल्यांदा कळतो. सरकारी दवाखान्यात केस पेपर काढून डोळ्यांच्या विभागात तपासायला अर्धा दिवस लागतो. खरं तर ते टप्पा २ सोबतच करून घ्यायला हवं.

चारित्र्य पडताळणीसाठी साक्षांकन नमुना भरून घेतात. त्यात प्रश्न असतो: तुमच्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे का, अटक झाली आहे का, खटला चालू आहे का. गावातल्या भांडणात, निवडणुकीच्या राड्यात किंवा भावकीच्या बांधाच्या वादात नाव घातलं गेलेली मुलं पुष्कळ. ती "मिटलंय की" म्हणून "नाही" लिहितात. लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात स्पष्ट केलं की, किरकोळ प्रकरण प्रामाणिकपणे सांगितलं असेल तर ते किती गंभीर आहे हे पाहून खात्याने निर्णय घ्यायचा; लपवलं असेल तर लपवणं हेच नोकरी घालवायला पुरेसं कारण ठरू शकतं. निर्दोष सुटला असाल तर निकालाची प्रमाणित प्रत, तडजोडीत प्रकरण मिटलं असेल तर न्यायालयाचा आदेश, हे आधीच काढून ठेवा. कोर्टातून नक्कल मिळायला वेळ लागतो.

लहान कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र लग्न झालेल्यांसाठी. २००५ च्या नियमांप्रमाणे दोनपेक्षा जास्त हयात अपत्यं असतील तर सरकारी नोकरीला अपात्र. पहिल्या अपत्यानंतर एकाच बाळंतपणात जुळं झालं, तर ते एकच धरतात.

फाइलमध्ये मूळ कागद आणि दोन संच स्वसाक्षांकित झेरॉक्स, या क्रमाने लावा: अर्जाची प्रिंट, हॉलतिकीट, दहावी, बारावी, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला, वैधता, नॉन क्रिमीलेअर, समांतर आरक्षणाचा कागद, परवाना, आधार. मूळ कागद लॅमिनेट करू नका. शिक्का तपासता येत नाही म्हणून टेबलावर वाद होतो. आणि फाइल पावसात भिजणार नाही अशा पिशवीत न्या, ग्राउंडवर पिशव्या उघड्यावर ठेवायला लावतात.